नऊ घरांची तूट

जमीन मोजणाऱ्या माणसाकडे लोक दोनच तक्रारी घेऊन येतात. माझी जागा कमी भरली, ही पहिली. शेजाऱ्याची जास्त भरली, ही दुसरी. अठ्ठावीस वर्षे मी फीत आणि खुंट्या घेऊन लोकांच्या अंगणांतून फिरलो. एवढ्या काळात तिसऱ्या प्रकारची तक्रार माझ्या टेबलावर एकदाच आली. तिच्याविषयी लिहायचे म्हटले, तर माझी एक गोष्ट उघडी करावी लागेल. ती झाकून ठेवण्याची इच्छा आता राहिलेली नाही.

आधी आमच्या कामातली एक अडचण सांगतो, म्हणजे पुढचे सोपे जाईल. जुन्या वस्तीत कागदावरची जमीन आणि पायाखालची जमीन सहसा जुळत नाही. जुन्या नोंदी कुणी काठीने मोजून केलेल्या, कुणी सैल साखळीने, कुणी केवळ घरमालकाच्या तोंडी सांगण्यावरून. एका रांगेतल्या घरांची कागदावरची रुंदी बेरजेला घेतली की एक आकडा येतो, आणि त्याच रांगेवर फीत ताणली की त्याहून कमी. या फरकाला आम्ही तूट म्हणतो. तूट कुणा एकाची नसते, ती सगळ्या रांगेची असते. म्हणून ती प्रत्येक घराने आपापल्या वाट्याने सोसायची, असा नियम आहे. नियम सोपा असला तरी काम किचकट होते, कारण प्रत्येक घराची हद्द थोडी थोडी सरकते आणि सगळा नकाशा नव्याने काढावा लागतो.

सरकलेल्या हद्दीसाठी माणसे काय काय करतात, ते मी पाहिले आहे. एक गृहस्थ माझ्या चुन्याच्या रेघेवर आडवे झोपले होते आणि दुपारच्या जेवणालाच उठले. एका बाईंचा आग्रह होता, की शेजारणीच्या तुळशीची सावली त्यांच्या अंगणात पडते, तीही नकाशात यायला हवी. "सावली सरकते हो, बाई," असे मी म्हणालो. "मग सकाळची दाखवा," त्या म्हणाल्या. शेंद्रा गावात दोन भावांच्या वाटणीच्या दिवशी दोन्ही घरांतून एकाच वेळी पोहे आले, आणि मी आधी कुणाच्या ताटलीला हात लावतो, हे दोन्ही दारांतून पाहिले जात होते. मी पोटदुखीचे निमित्त सांगून मोकळा झालो. तेव्हापासून मोजणीच्या दिवशी पाण्याशिवाय काहीही घ्यायचे नाही, असा नेम केला.

देवळाच्या गल्लीतही मी फक्त पाणी घेतले. ते कुठले होते, याचा त्या दिवशी मी विचार केला नव्हता.

ती सलग अवर्षणाची वर्षे होती. शहर मात्र चहूबाजूंनी वाढत होते. शेंद्र्याकडे कारखाने उभे राहत होते, बिडकीनकडे वावरांतून रुंद रस्ते निघत होते, आणि मधल्या जुन्या शहरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येत होते. जायकवाडी धरणात किती पाणी उरले, हे लोक घरातल्या आजारी माणसाची विचारपूस करावी तसे एकमेकांना विचारत. त्याच काळात जुन्या गल्ल्या रुंद करण्याचे काम निघाले. देवळाच्या गल्लीत एका बाजूला मारुतीच्या देवळापासून नाल्याच्या दगडी भिंतीपर्यंत एकमेकांना चिकटलेली नऊ घरे होती. पुढच्या खोल्या रस्त्यात जाणार होत्या आणि मागच्या मातीच्या भिंती त्या धक्क्याने टिकणार नव्हत्या. म्हणून नऊही घरांनी सगळे पाडून नव्याने बांधायचे ठरवले. त्यासाठी आधी पक्का नकाशा हवा होता. मोजणीची कामे घेणाऱ्या एका लहानशा खासगी कार्यालयात मी नोकरीला होतो; हे काम माझ्याकडे आले.

नाल्याकडचे शेवटचे घर वत्सलाकाकूंचे. त्यांचे यजमान कचेरीत कारकून होते. ते गेल्यावर पंच्याहत्तरीच्या काकू तिथे एकट्याच राहत. त्यांच्या अलीकडचे आठवे घर किसनआबांचे. आबा बिडकीनकडचे शेतकरी. मुलाच्या नोकरीपायी बऱ्याच वर्षांपूर्वी शहरात राहायला आले; वावर गेले ते नंतर. या दोन घरांच्या मधोमध, सामाईक भिंतीखाली, एक आड होता. तीन फूट रुंद. भिंत त्याच्या तोंडावरून कमानीसारखी गेलेली. अर्धे तोंड काकूंच्या मोरीत, अर्धे आबांच्या परसात. दोन्हीकडे आपापला रहाट आणि आपापली बादली. एकीकडून शेंदणाऱ्याला पलीकडचा माणूस दिसत नसे. त्याचा दोर तेवढा दिसे.

आणि या दोन घरांत अकरा वर्षे अबोला होता.

मी पहिली खुंटी देवळाशी ठोकली आणि कागदावरच्या रुंदीप्रमाणे एकेक घर मोजत पुढे निघालो. पहिल्याला त्याची पूर्ण रुंदी दिली, दुसऱ्याला त्याची, असे करत आठव्यापर्यंत आलो. नवव्या घरापाशी पोचलो, तेव्हा नाल्याची भिंत दीड फूट आधीच आली. सगळ्या रांगेची तूट शेवटच्या घरात साचली होती. आठव्या आणि नवव्या घरामधली माझी चुन्याची रेघ जुन्या भिंतीवर न पडता काकूंच्या मोरीत पडली. आडाची दोन बोटांची फट तेवढी त्यांच्याकडे उरली. नवी भिंत त्या रेघेवर उभी राहिली असती, तर आड पुरता आबांच्या घरात गेला असता. टँकरमागे धावणे काकूंना शक्य नव्हते. त्यांचे पाणी तुटले असते.

हे माझ्या लक्षात आले नाही, असे मी पुढे सांगितले. ते खोटे होते. मला ते तिथेच, उभ्या उभ्या दिसले होते. नियमाने मला देवळापर्यंत परत जाऊन प्रत्येक घरातून दोन इंच कमी करत तीन दिवसांचे काम नव्याने करावे लागले असते. मी फीत गुंडाळत उभा होतो. इतक्यात काकू तांब्याभर पाणी घेऊन आल्या. "ऊन लई झालं हो, सावलीत बसा," म्हणाल्या आणि रेघ कुठे गेली ते न विचारताच आत गेल्या. मी ते पाणी प्यालो. ही बाई आमच्या कार्यालयाचे तीन जिने चढून हरकत घ्यायला येणार नाही, असे मनाशी म्हणालो आणि नकाशा तसाच पुरा केला. आमच्या कामात हे शिकवावे लागत नाही. तूट जिथे आवाज होणार नाही तिथे ठेवायची, हे हाताला आपोआप कळू लागते. त्याआधी अशी किती शेवटची घरे माझ्या हातून गेली, ते मला ठाऊक नाही, असे लिहिणार होतो. पण ते मोजण्याचे धाडस मला कधी झाले नाही, हे लिहिणे अधिक खरे आहे.

नकाशावर हरकती घेण्याची मुदत सुरू झाली. तिसऱ्या दिवशी पांढरा सदरा आणि टोपी घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ धापा टाकत माझ्या टेबलाशी आले.

"हरकत नोंदवायची हाय."

मी वर न पाहताच छापील अर्ज पुढे ओढला. "किती कमी भरली?"

"कमी नाय. जास्त भरली."

मी वर पाहिले. किसनआबा होते.

"आडावरची जागा सगळी माझ्याकडं आलीया. ती माझी नाय. अर्धा आड त्यांचा हाय. लिहून घ्या."

"मग हरकत त्यांनी घ्यायला हवी, आबा."

"त्या नाय यायच्या. तुमचे जिने चढवत नाय त्यांना." आबांनी टोपी काढून कपाळ पुसले. "तुमाला ते ठाऊक असंलच."

मी अर्जावर तारीख घातली. मग विचारले, "तुम्ही त्यांना सांगून आलात का?"

"आमचं बोलणं नाय."

"आणि तरीही..."

"सायेब, बिडकीनला माझं वावर व्हतं. आता तिथं रस्ते झाले. बांध कुठं व्हता म्हणून नातवानं इचारलं, तर मला दावता आलं नाय. दोन तास हिंडलो उन्हात." ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. "हितं अजून दावता येतंय. दावता येतंय तवर लिहून घ्या."

आमच्या छापील अर्जात 'क्षेत्र कमी भरल्याबाबत' एवढेच शब्द होते. अठ्ठावीस वर्षांत तेवढ्या एकदाच मी त्यातला 'कमी' खोडला आणि वर 'जास्त' लिहिले.  

हद्दीची दुरुस्ती करायची, तर दोन्ही मालकांचे जबाब लागतात. मी काकूंच्या मोरीत, आडाशेजारी, पाटावर कागद घेऊन बसलो. पलीकडे भिंतीआड आबा उभे होते.

"मोठ्यानं वाचा," काकू मला म्हणाल्या. "पलीकडं ऐकू जायला हवं."

"सायेब, आमचे कान शाबूत हायत म्हणावं," भिंतीपलीकडून आवाज आला.

"कान आहेत हो. मोटर बसवायच्या वेळी विचारायपुरतं तोंड नव्हतं, एवढंच."

तेव्हा मला त्या अबोल्याचे मूळ कळले. अकरा वर्षांपूर्वी आबांनी न विचारता आडात विजेची मोटर सोडली होती. पाणी गढूळ झाले, आणि तो नेमका काकूंच्या यजमानांच्या श्राद्धाचा दिवस होता.

"मोटर त्याच दिशी काढली. ते बी लिहा."

"काढली ते मी पाहिलं. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं आहे का?"

"मग गावंढळ कोण म्हणलं?"

काकूंनी रहाटावरचा दोर उगाच नीट केला.

"रागात गेलं तोंडून," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "तेही घ्या लिहून, हवं तर."

जबाबाच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. मी पुढचा ठरलेला प्रश्न विचारला. "शेजारच्या हद्दीच्या मालकांना तुम्ही ओळखता का?"

"ओळखते."

"कशावरून?"

हा प्रश्न विचारायची खरे तर गरज नव्हती. काकूंनी आडाच्या काठावर हात ठेवला. "त्यांचं पाणी शेंदून झालं की ते बादली आडाच्या काठावर दोनदा वाजवतात. मग मी शेंदायचं. माझं झालं की मी दोनदा वाजवते. मग ते. हे काही आम्ही बसून ठरवलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात आडात पाणी घोट्याएवढं आलं, तेव्हा तीन-तीन बादल्यांवर आलो आम्ही दोघं. तर हे दोनच काढू लागले. मला ऐकू येतं ना, किती वेळा दोर उतरला ते. विचारायची सोय नव्हती. मग मीही दोनच काढायला लागले."

"आणि ती तिसरी?"

"आडातच राहायची. दोघांचीही. ती संध्याकाळी गल्लीला व्हायची. ज्याच्या घरी नड असेल तो माझ्या दारानं येऊन न्यायचा."

मी कागदावर 'ओळखते' एवढाच शब्द लिहिला आणि बराच वेळ तो पाहत राहिलो. लोकांना एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या रेघा काढण्यात माझे आयुष्य गेले. न बोलता, न पाहता, आपापल्या तहानेतून एकेक बादली दुसऱ्यासाठी मागे ठेवणारी ही दोन माणसे माझ्या कोणत्याही नकाशात मावणारी नव्हती. मला वाटले, मी देवळात पादत्राणे घालून आलो आहे.

आड मूळच्या जागी ठेवायचा, तर नऊही घरांनी दोन-दोन इंच सोडायला हवे होते, आणि तशा नऊ सह्या लागणार होत्या. दोन इंच ऐकायला थोडे वाटतात. ज्यांची अर्धी घरे रस्त्यात जाणार, त्यांच्याकडे ते मागणे किती अवघड, हे मागणाऱ्यालाच कळते. देवळाच्या मंडपात दुपारी सगळे जमले. काकू एका बाजूला खुर्चीवर होत्या, आबा खांबाला टेकून खाली बसले होते. मी उभे राहून तुटीचा नियम समजावून सांगितला.

पाचव्या घरातल्या गुरुजींनी नियमाचा कागद मागून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारले, "नियम इतका स्पष्ट आहे, तर मग आधीच असं का केलं नाही?"

"तांत्रिक चूक झाली," मी म्हणालो.

आबांनी खांबापासून मान उचलून माझ्याकडे पाहिले. मी नजर कागदावर वळवली. ते बोलतील म्हणून मी थांबलो होतो. ते बोलले नाहीत.

सगळ्यांचे डोळे मग मुख्तारभाईंकडे गेले. देवळाला लागून पहिले घर त्यांचे. पुढच्या खोलीत त्यांचे घड्याळ दुरुस्तीचे दुकान होते. नव्या दुकानासाठी त्यांनी माझ्या पहिल्या नकाशाच्या मापाचे लोखंडी शटर बनवून आणले होते. ते देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेले सगळ्यांना दिसत होते. दोन इंच कमी झाले, तर ते बसणार नव्हते.

"मुख्तारभाई, तुमचं शटर आलंया, ठाऊक हाय मला," आबा हळू आवाजात म्हणाले. "तुमी नाय म्हणला तरी कुणी काय म्हणणार नाय."

मुख्तारभाईंनी शटरकडे पाहिले, मग काकूंकडे.

"आबा, शटर का क्या है, कोई भी वेल्डिंगवाला काटके देता. कुआँ कौन काटके देता?" मग माझ्याकडे वळून, "पिछले उन्हाळे में मेरी बच्ची पैदा हुई, तो पहला पानी इनके इदर का था, साहब. लाओ, किदर साइन करनेका?"

"मुख्तारभाई, ते दोन इंच भंगारात घालू नका," गुरुजी म्हणाले. "मला फळ्याला कड करायची आहे."

लोक हसले आणि सह्या सुरू झाल्या. मी नऊ वेळा कागद फिरवला. काहींनी वाचलाही नाही. आपल्या घरातून दोन इंच जमीन देताना माणसे हसत होती, हे दृश्य मी त्यापूर्वी पाहिले नव्हते आणि नंतरही पाहिले नाही. त्यांच्या मधोमध उभा असलेला मी मात्र एक खोटा शब्द बोलून मोकळा झालो होतो. काकू निघताना माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "लई खेटे पडले तुम्हाला." ते मला बोचले. आजही बोचते.

मी नवा नकाशा काढला. या वेळी देवळापासून नाल्यापर्यंत दोनदा आणि नाल्यापासून देवळापर्यंत दोनदा मोजले. घरे पडली, रस्ता झाला, घरे पुन्हा उभी राहिली. आठव्या आणि नवव्या घरांमधली भिंत आता विटा-सिमेंटची झाली. आडावर तिला पूर्वीसारखीच कमान ठेवली आहे, असे मी ऐकले होते. पाहायला गेलो नाही. कामाचे निमित्त संपले होते आणि दुसऱ्या निमित्ताने जायची हिंमत नव्हती.

पुढच्या वर्षीही पावसाने ओढ दिली. एका सकाळी मी ठरवून गेलो. काकू मोरीत होत्या, हातात रिकामी कळशी.

"या. बसा. नवा नकाशा आहे की काय पुन्हा?"

"नाही. एक सांगायचं राहिलं होतं." मी उभाच होतो. "ती चूक तांत्रिक नव्हती, काकू. तूट तुमच्या घरात पडली, ते मला त्याच दिवशी दिसलं होतं. तुम्ही एकट्या, तुम्ही येणार नाही, असं समजून मी ती तिथं राहू दिली. तुम्ही पाणी आणून दिलंत, ते पिऊन."

काकूंनी कळशी खाली ठेवली.

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"भिंतीनं." त्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. "आबा त्या दिवशी तुमच्याकडून परत आले आणि भिंतीला म्हणाले, 'मोजणीवाल्यानं मुद्दाम केलंय. माणूस वाईट नाय, पण कामाचा कंटाळा हाय त्याला.' भिंतीला सांगितलेलं मला ऐकू येतं."

"मग त्या दिवशी मंडपात तुम्ही दोघं..."

"तुम्ही इतक्यांदा गल्लीत आलात, उन्हात खेटे घातलेत. आम्ही म्हटलं, सुधारतोय तर सुधारू द्यावं." त्यांनी दोर माझ्या हाती दिला. "आज माझा खांदा धरलाय. दोन बादल्या शेंदून द्या. जास्त नको."

मी बादली सोडली. पाणी बरेच खाली होते. दोर बराच वेळ उतरत राहिला. पहिली बादली कळशीत ओतली, दुसरी घागरीत. दोर गुंडाळून रहाटावर टाकला आणि हात पुसत जाण्यासाठी वळलो. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"अहो, वाजवा ना."

"काय?"

"बादली. पलीकडं आबा उभे आहेत. केव्हाचेच."

मी भिंतीकडे पाहिले. कमानीखालून पलीकडचा दोर दिसत होता. तो स्थिर लोंबत होता.

"केव्हापासून?"

"तुम्ही आलात तेव्हापासून. त्यांची वेळ होऊन गेली. पण वाजल्याशिवाय ते शेंदत नाहीत."

म्हणजे माझे सगळे बोलणे त्यांनी ऐकले होते. मी बादली उचलली. ती रिकामी होती, तरी हाताला जड लागली. आडाच्या काठावर मी ती दोनदा वाजवली.

पलीकडचा दोर हलला आणि हळूहळू खाली उतरू लागला.